आरपार दिसेल तेवढंच

शिजलेला साबुदाणा कडेने काचेसारखा होतो, पण मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका शिल्लक राहतो. दाणा नीट भिजला नसेल तर ठिपका मोठा असतो, नीट भिजला असेल तर जेमतेम जाणवतो. मी पाहत होते त्या दाण्याचा ठिपका जेमतेम जाणवणारा होता. म्हणजे साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत घातला होता. म्हणजे हा प्रकार कोणाला आयत्या वेळी सुचलेला नव्हता.

दाणा आमच्या कमोडच्या पाण्यात होता.

"आई, झालं का बघून? फ्लश करू?" जुईने दाराबाहेरून विचारलं.

मी तिला थांबायला सांगितलं आणि टॉर्च आणखी खाली धरला. दाणा एकटा नव्हता. सोबत भावंडं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईची कोलोनोस्कोपी होती. घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. सगळे 'दुर्बीण' म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. आठ वर्षांच्या मुलीला सहा महिने मधून मधून शौचातून रक्त जात होतं, वजन वाढायचं सोडून उतरत होतं, आणि लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर इनामदार पुण्याहून रत्नागिरीत महिन्यातून एकदाच येत. आतडं स्वच्छ नसेल तर आत काही दिसत नाही, तपासणी रद्द होते आणि पुढची तारीख महिन्याने मिळते. अशा दोन तारखा आम्ही आधीच घालवल्या होत्या. पहिली माझ्या नवऱ्याच्या, उल्हासच्या, चुलत बहिणीच्या साखरपुड्यात. दुसरी गणपतीत. "गणपतीत दुर्बीण घालतात का कोणी," असं माझे सासरे म्हणाले होते, आणि उल्हासने हा प्रश्न नसून निर्णय आहे हे ताबडतोब ओळखलं होतं.

आमच्या घरात तेव्हा आजार एकच होता, उष्णता. डोळे आले की उष्णता, तोंड आलं की उष्णता, शेजारच्या मुलाचं गणित कच्चं राहिलं तीही उष्णता. त्यामुळे जुईच्या रक्ताचं निदान डॉक्टरांच्या कितीतरी आधी झालं होतं. उपचारही सुरू होते. सकाळी सब्जा, दुपारी कोकम, रात्री गुलकंद. गुलकंद आणि कोकम दोन्ही लाल. त्यामुळे रक्त दिसलं की ते गुलकंदाचं, आणि गुलकंद बंद केल्यावर दिसलं की ते कोकमाचं, अशी सोय झाली होती. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पुरावा नाकारण्याची इतकी सुबक व्यवस्था मी आमच्या विभागातही पाहिलेली नाही.

निदान करणारे अण्णा, म्हणजे सासरे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर डेपो गेला, पण नियंत्रण राहिलं. आमचं दूध किती वाजता येतं, पंप कधी सुरू करायचा, कोणी कुठल्या बाजूला डोकं करून झोपायचं, हे सगळं तेच ठरवत असत. बिघाड असलेली गाडी मी कधी स्टँडबाहेर पडू दिली नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र कुठलीही तपासणी दिवाळीनंतर. डोळे दिवाळीनंतर, गुडघा दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते कधी सांगितलं नाही. आज ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि या प्रकरणातला आपला भाग साफ नाकारतात.

सासूबाई त्यांचं कौतुक करताना थकत नसत. त्या दिवसांत एक नवीन कौतुक होतं: या वयात ते आपले कपडे आपण धुतात. पहाटे उठून, परसातल्या नळावर, कोणी उठायच्या आत. "नाहीतर आमचा उल्हास बघ," असं त्या मला म्हणत, जणू उल्हास मी वाढवला होता.

डॉक्टर इनामदारांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, पूर्वी कोणाला होता का. उल्हासने तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले होते, "आमच्या घराण्यात कोणाला काही नाही." घराणं हा शब्द ते एरवी वापरत नसत. शेट्ये घराण्याचं मूळ राजापूरच्या एका किराणा दुकानात आहे.

तर, तपासणीच्या आदल्या दिवशीचे नियम. सकाळपासून फक्त पातळ, आणि पातळ म्हणजे आरपार दिसेल तेवढंच. नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, साखरेचं पाणी. दूध नाही, ताक नाही, लाल काही नाही. दुपारपासून औषधाची पावडर पाण्यात कालवून पेल्यामागून पेला, बाहेर येणारं पाणी फिकट पिवळं आणि नितळ होईपर्यंत. नितळ झालंय की नाही हे आईने डोळ्यांनी बघायचं. म्हणून मी घरात जाहीर केलं होतं की त्या दिवशी जुईने फ्लशला हात लावायचा नाही, मी बघेन आणि मग ओढेन. कोकमाची बाटली, गुलकंदाची बरणी आणि बीट मी त्याच्याही आदल्या दिवशी माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं होतं.

'आरपार' म्हणजे काय याची घरात चर्चा झाली. मी सासूबाईंना सोपी चाचणी सांगितली: पेल्यामागे वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं वाचता आली तर चालेल. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. शिकवणाऱ्या माणसाला मान डोलावलेली पुरते.

मी बाथरूममधून बाहेर आले आणि सासूबाईंना विचारलं, जुईला काय दिलंत?

त्यांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. "साबुदाण्याची पेज. पाण्यातली. दुधाचा थेंब नाही घातला हो, तू सांगितलं होतंस म्हणून."

"आई, तिला फक्त पाणी द्यायचं होतं."

"अगो, उपास ना तिचा? उपासाला साबुदाणा चालत नाही असं कुठे असतं?" आणि मग माझ्या शंकेचं पूर्ण निरसन करायला म्हणून त्या म्हणाल्या, "मी पेपर धरून बघितला. मोठी अक्षरं वाचता येत होती."

प्रयोग त्यांनी केला होता, निरीक्षण प्रामाणिक होतं, आणि बारीक अक्षरांबद्दल मी काही म्हटलंच नव्हतं. नवरात्र नुकतंच संपलं होतं. घरात उपासाचं इतकं सामान उरलेलं होतं की पोर तशीच राहणं हा त्यांना अन्नाचा अपमान वाटला असणार. शिवाय नातीसोबत त्यांनी स्वतःही उपास धरला होता. पेज दोघींनी मिळून खाल्ली होती.

आता प्रश्न राखणदारीचा. मी दुसरं पाकीट आणायला औषधांच्या दुकानात गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात अण्णांना खुर्ची टाकून बसवलं होतं. "माझ्या सहीशिवाय इथून काही सुटणार नाही," असं ते म्हणाले होते. मग पेज सुटली कशी? तर अण्णा तेव्हा परसातल्या संडासात होते. नेहमीसारखे, बराच वेळ.

मी डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना फोन केला. साबुदाणा हा शब्द मी दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, दुसरं पाकीटही पूर्ण द्या, मध्ये साधं पाणी देत राहा, संध्याकाळपर्यंत नितळ झालं तर सकाळी या, नाहीतर पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात दिवाळी होती. दिवाळीत आमच्या घरात काय होतं, किंवा काय होत नाही, हे मला माहीत होतं.

मग उल्हासचा बँकेतून फोन आला. त्याचं ऑडिट होतं. घरात काही निर्णय घ्यायचा असला की त्याचं ऑडिट असे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर, फक्त आईला बोलू नकोस.

मी दुसरं पाकीट कालवलं आणि पेला जुईपुढे धरला. तिने तोंड फिरवलं.

मी समजावलं, गोष्ट सांगितली, नवीन रंगपेटीचं आमिष दाखवलं. ती रडली नाही. रडली असती तर सोपं होतं. तिने गुडघे पोटाशी घेतले आणि शांतपणे सांगितलं, "मी पिणार नाही. हे विष आहे."

"कोण म्हणालं?"

"आजोबा. सकाळी आजीला सांगत होते. एवढ्याशा पोरीला विष पाजतायत म्हणाले."

दारातल्या खुर्चीवर अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. ते आणखी मन लावून वाचू लागले.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हीच सांगा आता तिला."

त्यांनी पेपर खाली केला. विष म्हणजे तसं विष नव्हे, बोलायची एक पद्धत असते, असं काहीसं सुरू केलं. जुईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुम्ही प्या. तुम्ही प्यायलात की मी पिते."

असं धर्मसंकट अण्णांवर डेपोतही आलं नसेल. सासूबाई मध्ये पडायला निघाल्या, की त्यांचं वय काय, त्यांना कशाला. त्याने उलट झालं. वय काढलेलं त्यांना चालत नसे. "आण गो," ते मला म्हणाले, "मला पण एक आण."

अण्णांना रक्तदाब नव्हता, साखर नव्हती, निदान मोजलेली तरी नव्हती. तरीही मी मदतनीस बाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी हृदयाचं, मूत्रपिंडाचं काही आहे का विचारलं. अण्णा आतून ओरडले की काही नाही. घोट घोट प्यायला सांगा, चक्कर आली तर थांबवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमच्या घराबद्दल त्यांचं काय मत झालं असेल याचा मी विचार करायचं सोडून दिलं.

हाताशी असावं म्हणून आणलेलं जादा पाकीट मी अण्णांसाठी कालवलं, पण त्यांच्या पेल्यात अर्धंच भरत होते. जुईने दोन्ही पेले एकमेकांना लावून पाहिले. "आजोबांचं कमी आहे. ही चीटिंग आहे." तेव्हापासून पेले सारखे भरले.

पहिल्या घोटाला अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून जुई महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली. मिठाच्या पाण्यात कोणीतरी लिंबाची आठवण काढावी तशी त्या औषधाची चव होती. पण माणूस मागे हटला नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि डेपोतला आवाज लावला. "रत्नागिरी-चिपळूण, फलाट क्रमांक एक. सुटली." दोघांनी पेला रिकामा केला. "रत्नागिरी-देवरुख. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." पुढचा पेला. लांजा गेली, राजापूर गेली. कणकवलीला जुईला उमासे आले तेव्हा अण्णांनी गाडी थोडा वेळ हातखंब्याला थांबवली, तिची पाठ चोळली, आणि पुन्हा सोडली. मी पेले भरत होते. सासूबाई देवापाशी जाऊन बसल्या होत्या. कोणासाठी, ते विचारलं नाही.

मग औषधाने आपलं काम सुरू केलं, आणि त्याने वयात भेद केला नाही.

घरातला कमोड आम्ही अण्णांच्या गुडघ्यासाठी बसवून घेतला होता. अण्णा तो कधीच वापरत नसत. ते परसातल्या संडासात जात, दोन बादल्या भरून नेत आणि कडी घालत. जुई कमोडवर गेली की मी टॉर्च घेऊन आत, ती बाहेर. साबुदाणा हळूहळू संपला. पाणी आधी गढूळ, मग पिवळं, मग फिकट होत गेलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी आत डोकावले तेव्हा तळाचा पांढरा चिनी मातीचा भाग स्वच्छ दिसत होता. बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली असती. मी जुईला तसं सांगितलं आणि ती आजीला सांगायला पळाली.

तेवढ्यात अण्णा उठले. परसापर्यंत पोचायला वेळ नव्हता, हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. ते जवळच्या दारात शिरले.

बाहेर आले तेव्हा त्यांचा हात मागे, दाराच्या कडीवर होता. टाकीत पाणी नव्हतं. दिवसभर ओढून ओढून ती रिकामी झाली होती आणि आमच्या नळाला पाणी जेमतेमच असे. मी बादली भरून आणली.

"दे इकडे," अण्णा म्हणाले. "मी ओततो. तू जा."

"आजोबा, आईने बघायचं असतं!" जुई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला नियम पाळायला लावल्याचा आनंद होता.

बादलीची कडी अण्णांच्या हातात होती आणि माझ्याही. मला खरंच काही बघायचं नव्हतं. दार उघडं राहिलं होतं, दिवा चालू होता, आणि मी दिवसभर त्याच ठिकाणी बघत आले होते, म्हणून नजर गेली. पाणी फिकट पिवळं होतं. त्यातून गडद लाल धागा तरंगत होता, आणि तळाशी त्याच रंगाचा डाग बसला होता.

"कोकम," अण्णा म्हणाले. "सकाळी घेतलं होतं थोडं."

"कोकम माझ्या कपाटात आहे, अण्णा. कालपासून. कुलपात."

त्यांनी बादली सोडली नाही. चेहरा तोच होता, डेपोतला. पण पकड ढिली झाली आणि बादलीचं सगळं वजन माझ्याकडे आलं. मला पहाटेचा परसातला नळ आठवला. कोणी उठायच्या आत.

"किती दिवस?" मी विचारलं.

ते जुईच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. ती आजीला सांगत होती की आजोबा हरले, ते जास्त वेळा गेले.

"तिचं होऊ दे आधी," ते म्हणाले. "माझं बघू दिवाळीनंतर. उल्हासला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

मी पाणी ओतलं.

सकाळी उल्हासने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि ही गोष्ट त्याने गाडी सुरू करताना दोनदा सांगितली. अण्णांनी यायची गरज नव्हती. ते इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर जुईशेजारी बसले होते. निघताना सासूबाईंनी चहा पुढे केला तर तो त्यांनी परत पाठवला. दवाखान्याबाहेर उल्हासने आमच्यासाठी पोहे सांगितले, तेव्हाही त्यांनी मानेने नाही म्हटलं. "नातीचा उपास सुटल्याशिवाय कसं खाऊ," असं ते म्हणाले. उल्हासला ते फार हृद्य वाटलं. त्याने त्यांच्या वाटचे पोहे खाल्ले.

जुईला आत नेलं. दार बंद झालं. अण्णांनी घड्याळ काढून हातात धरलं, पण कुठलीही गाडी सोडली नाही.

मग डॉक्टर इनामदार हातमोजे काढत बाहेर आल्या. त्या थकलेल्या दिसत नव्हत्या, हे मी आधी पाहिलं. जुईच्या मोठ्या आतड्यात एक गाठ होती, देठाला लटकलेली, करवंदाएवढी. ती त्यांनी तिथल्या तिथे काढली होती. तपासायला पाठवतील, पण मुलांमधली अशी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. रक्त तिथूनच जात होतं.

उल्हासने डोळे पुसले.

"तयारी मात्र उत्तम झाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "मोठ्यांचीसुद्धा इतकी स्वच्छ होत नाही. कोणी पाजलं तिला एवढं?"

साधारणपणे कौतुकाच्या वेळी अण्णा गप्प राहत नसत.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "मागे विचारलं होतं, पुन्हा विचारते. गाठ सापडली म्हणून. घरात आणखी कोणाला रक्त जाण्याचा त्रास? आजी, आजोबा, काका, कोणी?"

मी अण्णांकडे बघितलं नाही. भिंतीवर लहान मुलांच्या लसींचा तक्ता होता, तो वाचत राहिले.

"नाही, नाही," उल्हास म्हणाला. "आमच्या घराण्यात कोणाला..."

"उल्हास, तू थांब जरा," अण्णा म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले. शर्ट नीट केला, घड्याळ मनगटावर बांधलं. उल्हास त्यांच्याकडे असा बघत होता जणू कोणीतरी वेळापत्रकात नसलेली गाडी फलाटावर आणून उभी केली होती.

"मला जातं, डॉक्टर," ते म्हणाले. "दुसरं वर्ष आहे. काल हिच्याबरोबर सगळं औषध प्यायलोय, सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. सुनेला विचारा, तिने बघितलंय." मग ते थोडे थांबले आणि डेपोतला आवाज न लावता म्हणाले, "माझ्या पोटात पण दुर्बीण घाला. आज जमत असेल तर आजच. दिवाळीनंतर नको."